लहान मुलांच्या लघवीच्या तक्रारी : तज्ज्ञाकडे केव्हा, कोणाकडे आणि काय घेऊन जावे

मराठवाड्यात मुलाला लघवीला आग होऊ लागली की घरातल्या वडीलधाऱ्यांचे निदान ठरलेले असते : उन्हाळी लागली. मग सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी, ताक सुरू होते. आणि एप्रिल-मेच्या उन्हात खेळून आलेल्या, ताप नसलेल्या मुलाची जळजळ भरपूर पाण्याने एखाद्या दिवसात थांबली, तर त्यात वावगे काहीच नाही. अडचण पुढे येते. तीच आग महिन्याभराने पुन्हा होते, किंवा तिच्यासोबत थंडी वाजून ताप येतो, किंवा सात वर्षांच्या मुलीची चड्डी दिवसभर ओलसर राहू लागते, आणि गावचे डॉक्टर चिठ्ठी देत म्हणतात, “आता मोठ्या डॉक्टरांना दाखवा.” मोठे म्हणजे कोण, ते कोणत्या गावी भेटतील आणि जाताना काय सोबत न्यायचे, हे त्या चिठ्ठीत लिहिलेले नसते.

माझ्या मुलीची लघवी मूत्राशयातून उलट्या दिशेने मूत्रपिंडाकडे जात असे. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. त्या निमित्ताने आम्ही तालुक्याच्या दवाखान्यापासून मुंबईच्या बालरुग्णालयापर्यंतची वाट चाललो. मी डॉक्टर नाही. औषध कोणते आणि शस्त्रक्रिया करायची की नाही, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. मात्र योग्य दारापर्यंत वेळेत आणि पुऱ्या कागदांनिशी पोहोचणे पालकांच्या हातात असते, आणि त्याच टप्प्यावर सर्वाधिक वेळ व पैसा वाया जातो, म्हणून हा लेख.

१. आधी ठरवा : हे आजच दाखवायचे आहे का?

पुढीलपैकी काहीही दिसले तर तज्ज्ञ शोधत बसू नये. जवळचे बालरोगतज्ज्ञ, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय यांपैकी जिथे लवकर पोहोचता येईल तिथे निघावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

- तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप.
- बारा तासांत लघवीच न होणे, किंवा ओटीपोट फुगून मूल कळवळत असताना लघवी न उतरणे.
- थंडी वाजून ताप, सोबत उलट्या आणि कुशीत किंवा पाठीत दुखणे.
- मुलाच्या अंडकोषात अचानक उठलेली तीव्र वेदना. आतली गोटी पीळ पडून फिरली असेल तर तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच ती वाचण्याची चांगली शक्यता असते.
- शिश्नाच्या टोकावरची त्वचा मागे सरकून तिथेच अडकणे आणि टोक सुजणे.
- चेहऱ्यावर सूज, कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी, आणि त्यासोबत डोकेदुखी, धाप किंवा झटका.
- अचानक वाढलेली तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे आणि गळून जाणे.

यातील अंडकोषाच्या दुखण्याबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दहा-पंधरा वर्षांचा मुलगा लाजेपोटी “पोटात दुखतंय” एवढेच सांगतो आणि पोटदुखीची गोळी घेऊन रात्र काढतो. अशा वयाच्या मुलाला एकाएकी पोटदुखी आणि उलटी झाली तर वडिलांनी किंवा काकांनी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट विचारावे.

शेवटचे लक्षणही फसवे आहे. कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागले आणि कपडे सैल होऊ लागले, तर तो मूत्रमार्गाचा आजार नसून बालवयातील मधुमेह असू शकतो. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर त्याच दिवशी पाहावी. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते, आणि ती लांबणे मुलाच्या जिवावर बेतू शकते.

२. कशासाठी थांबता येते आणि कशासाठी थांबू नये

पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे हा आजार मानत नाहीत. पाचव्या वर्षी साधारण शंभरातील पंधरा मुले अंथरूण ओले करतात आणि त्यानंतर दरवर्षी त्यातली काही आपोआप कोरडी होत जातात. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला घेऊन शहर गाठण्याची गरज नाही, आणि त्याला मारण्याची, भावंडांसमोर लाजवण्याची किंवा संध्याकाळनंतर पाणी पूर्ण बंद करण्याची तर मुळीच नाही. सहा-सात वर्षांनंतरही हे चालू असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यावर उपाय आहेत. निदान सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले होऊ लागले, तर मात्र वय न पाहता दाखवावे.

लहान मुलाच्या शिश्नावरची त्वचा मागे न जाणे हेही बहुतेक वेळा नैसर्गिक असते आणि वयाबरोबर ती मोकळी होते. आंघोळीच्या वेळी तेल लावून ती जोराने मागे ओढण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्याने बारीक जखमा होतात आणि त्या भरताना त्वचा खरोखरच आखडते. लघवी करताना त्वचा फुग्यासारखी फुगत असेल, धार बारीक असेल किंवा वारंवार पू होत असेल, तेव्हा दाखवावे.

आता ज्यांसाठी थांबू नये त्या गोष्टी. मुलाची धार बारीक असणे, त्याला जोर करावा लागणे किंवा लघवी थेंबाथेंबाने होणे, हे कधीही “लहान आहे, होईल नीट” म्हणून सोडून देऊ नये. मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असू शकतो आणि त्याच्यामागे लघवी तुंबून दोन्ही मूत्रपिंडे खराब होत जातात. त्याउलट एखादी मुलगी दिवसातून चार-पाच वेळा व्यवस्थित लघवी करते, तरीही तिची चड्डी चोवीस तास ओली राहते. अशा वेळी मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी, चुकीच्या जागी उघडत असल्याची शक्यता असते आणि तिला “घाणेरडी सवय” म्हणून रागावणे हा शुद्ध अन्याय असतो. कंबरेच्या खाली पाठीवर गाठ, खळगा किंवा केसांचा पुंजका असेल आणि मुलाला लघवी-शौचाची जाणीव नसेल, तर दोष मज्जारज्जूत असू शकतो.

जन्मतः दिसणाऱ्या दोन दोषांना वेळेचे बंधन आहे. पहिला, लघवीचे छिद्र टोकावर नसून खालच्या बाजूला असणे. याची शस्त्रक्रिया साधारणपणे सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात, आणि नवा मार्ग तयार करण्यासाठी पुढची त्वचा वापरतात. म्हणून अशा बाळाची सुन्नत आधी करू नये. घरच्या ज्येष्ठांना हे कारण शांतपणे सांगितले तर ते समजून घेतात. दुसरा, गोटी अंडकोषात न उतरणे. सहा महिन्यांपर्यंत ती उतरली नाही तर पुढे आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी असते. तेव्हा बालशल्यचिकित्सकांना, म्हणजे मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना, दाखवावे. “शाळेत जाईपर्यंत पाहू” हा सल्ला जुना झाला आहे.

गरोदरपणातील सोनोग्राफीत बाळाच्या “किडनीला सूज” लिहिले असेल तर घाबरू नये. सौम्य सूज बहुतेक वेळा जन्मानंतर ओसरते. पण जन्मानंतर सोनोग्राफी करावीच लागते. साधी सूज असेल तर ती पहिल्या दोन दिवसांनंतर, पहिल्या आठवड्यात करतात, कारण सुरुवातीला बाळाची लघवी कमी असल्याने सूज लपून जाते. दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली असतील आणि बाळ मुलगा असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी विचारावे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि सोनोग्राफीचे कागद माहेरच्या कपाटात राहून जातात. बाळाला सासरी आणताना ते सोबत आणावेत.

३. दोन दिवसांची नोंद करा

तज्ज्ञ पहिल्याच भेटीत जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे घाईत आठवत नाहीत. म्हणून सुट्टीचे दोन दिवस निवडून वहीच्या एका पानावर लिहावे : किती वाजता लघवी झाली, किती झाली, मधे चड्डी ओली झाली का, किती पाणी प्यायले, आणि शौच कसे झाले. मोजण्यासाठी औषधांच्या दुकानातला खुणा असलेला प्लॅस्टिकचा ग्लास पुरतो. मूत्राशयाच्या क्षमतेचा ढोबळ अंदाज असा काढतात : मुलाच्या वयात एक मिळवून तीसने गुणावे. सहा वर्षांच्या मुलासाठी तो २१० मिलिलीटर येतो. शाळकरी मूल दिवसात साधारण चार ते सात वेळा लघवीला जाते. तीन किंवा त्याहून कमी वेळा जात असेल तर ते लघवी दाबून ठेवते असे समजावे.

शौचाचा रकाना गाळू नये. कडक शौचाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते, लघवी पूर्ण होत नाही आणि शिल्लक लघवीत जंतुसंसर्ग होतो. कित्येक मुलींचा वारंवारचा संसर्ग बद्धकोष्ठता सुटल्यावर थांबतो, हे मला आधी कोणी सांगितले असते तरी मी विश्वास ठेवला नसता.

मुलग्याची धार बारीक असल्याची शंका असेल तर मोबाइलवर दहा सेकंदांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे आणि काम झाल्यावर पुसून टाकावे. ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाता कामा नये.

४. लघवीची तपासणी नीट करून घ्या

या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळते आहे, कारण पुढचे सर्व निर्णय याच कागदावर उभे राहतात. ताप आणि लघवीच्या तक्रारीसाठी दोन वेगळ्या तपासण्या असतात. साधी तपासणी तासाभरात मिळते आणि तिच्यात पू-पेशी, रक्त, प्रथिने दिसतात. दुसरी म्हणजे कल्चर. तिच्यात जंतू वाढवून तो कोणता आणि कोणत्या औषधाला दबतो हे पाहतात, आणि तिला दोन ते तीन दिवस लागतात. संसर्ग झाला होता की नाही, हे पक्के सांगते ती कल्चर.

कल्चरचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यावा लागतो. एक-दोन डोस पोटात गेल्यावर जंतू वाढत नाहीत आणि अहवाल “काही नाही” असा येतो. मग तज्ज्ञ विचारतात, “आधीचे संसर्ग सिद्ध झाले होते का?” आणि आपल्याकडे उत्तर नसते. तालुक्याच्या ठिकाणी ताप दिसला की आधी इंजेक्शन आणि मग तपासणी असा क्रम सर्रास चालतो. आपण नम्रपणे म्हणावे, “डॉक्टरसाहेब, लघवीचं कल्चर घेऊन मग औषध सुरू करू या का?” बहुतेक डॉक्टर लगेच मान्य करतात. मूल फार आजारी असेल तर नमुना घेऊन, अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करणे हेच योग्य असते.

नमुना घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. मोठ्या मुलाचे अंग स्वच्छ पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत धरावी; मुलीला पाय फाकून बसवावे. डबी प्रयोगशाळेतूनच घ्यावी. घरची औषधाची बाटली उकळून चालत नाही. तान्ह्या बाळाला प्लॅस्टिकची पिशवी चिकटवून घेतलेल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, त्यामुळे त्या नमुन्याचे कल्चर विश्वासार्ह नसते. बाळासाठी बारीक नळीने घेतलेला नमुना चांगला. तो घेताना बाळ रडते, पण काम मिनिटाभराचे असते. नमुना एका तासात प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, नाहीतर तो फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. गावात भरलेली डबी मे महिन्यात एसटीने दोन तास फिरवून शहरात नेली तर तिच्यात जंतू वाढणारच. प्रयोगशाळा लांब असेल तर मुलालाच तिथे न्यावे आणि तिथेच नमुना द्यावा.

रक्ताच्या अहवालात आणखी एक सापळा आहे. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या तपासणीपुढे छापलेली “सामान्य” मर्यादा बहुधा प्रौढांची असते. लहान मुलाचे क्रिएटिनिन साधारण ०.३ ते ०.७ च्या दरम्यान असते. तीन वर्षांच्या मुलाचे १.० आले तर अहवालात ते सामान्य दिसेल. प्रत्यक्षात त्या आकड्याची दखल घ्यायला हवी. त्यामुळे प्रयोगशाळेच्या खिडकीवर “नॉर्मल आहे” असे ऐकून परत फिरू नये, कागद बालरोगतज्ज्ञांपुढे ठेवावा. मुलाचा रक्तदाबही मोजायला सांगावे, आणि तो लहान पट्ट्याने मोजला जातो आहे ना, हे पाहावे.

५. कोणता तज्ज्ञ हवा ते ओळखा

मूत्रपिंड रक्त गाळून लघवी तयार करते. तिथून पुढे ती साठवण्याची आणि बाहेर नेण्याची वाट सुरू होते. बिघाड गाळण्यात आहे की वाटेत, यावरून तज्ज्ञ बदलतो, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

गाळण्याचे काम बिघडले असेल तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर उपयोगाचा नाही. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, लघवीला न विरणारा फेस, लघवीतून प्रथिने जाणे, रक्तदाब वाढणे, ही मूत्रपिंडविकाराची लक्षणे आहेत आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सल्ल्याने बालमूत्रपिंडविकारतज्ज्ञ, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, लागतात. घसादुखीनंतर एक-दोन आठवड्यांनी किंवा अंगावरच्या पिकलेल्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी चहाच्या रंगाची लघवी झाली तर तोही याच दाराचा रुग्ण. खरूज चिघळून फोड झालेली मुले आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा हा धागा डॉक्टरांना आपणहून सांगावा.

वाटेत अडथळा किंवा रचनेत दोष असेल तर बालशल्यचिकित्सक किंवा बालमूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे पेडियाट्रिक यूरॉलॉजिस्ट, हवेत. तापासह वारंवार संसर्ग, सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज, रिफ्लक्स, मूत्रमार्गातला पडदा, छिद्राची चुकीची जागा, न उतरलेली गोटी, सतत गळणारी लघवी, मुतखडा, ही त्यांची कामे. आपल्याकडे मुलांच्या मूत्रमार्गाचे बरेचसे काम बालशल्यचिकित्सकच करतात. फलकावर बालशल्यचिकित्सेतील एम.सीएच. पदवी आहे का ते पाहावे. एम.सीएच. यूरॉलॉजी झालेले डॉक्टरही मुलांवर उपचार करतात, विशेषतः मुतखड्याचे, पण ज्यांच्या दवाखान्यात प्रामुख्याने प्रोस्टेटचे आणि खड्याचे प्रौढ रुग्ण असतात, त्यांना “आपण एवढ्या लहान मुलांच्या या शस्त्रक्रिया नियमित करता का?” असे विचारण्यात काही गैर नाही. चांगला डॉक्टर खरे उत्तर देतो आणि गरज असेल तर पुढचे नावही सुचवतो.

मुतखड्याबद्दल दोन शब्द. मराठवाड्यातला उन्हाळा, कमी पाणी पिणे आणि घामाने आटणारे शरीर यामुळे मुलांनाही खडे होतात. हुलग्याचे पाणी किंवा पानफुटीची पाने यांवर घरोघरी विश्वास आहे. पाणी पोटात जाते तेवढे बरेच. पण खड्याने वाट अडली असेल आणि ताप असेल तर घरगुती उपायात दिवस घालवणे म्हणजे मूत्रपिंड पणाला लावणे आहे.

काही तक्रारींचे मूळ ना गाळण्यात असते ना रचनेत. ते सवयीत असते. शाळेतल्या स्वच्छतागृहात पाणी नाही, कडी नाही, म्हणून मुली सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत लघवी दाबतात आणि त्यासाठी पाणीही पीत नाहीत. अशा मुलीला सर्वांत महागडी तपासणी करूनही काही सापडत नाही. दर दोन-तीन तासांनी लघवीला जाणे, घाई न करता पूर्ण करणे, पुरेसे पाणी आणि मऊ शौच, हाच तिचा उपचार असतो. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडून मुख्याध्यापकांच्या नावे चिठ्ठी घ्यावी. तोंडी सांगण्यापेक्षा चिठ्ठीचा परिणाम अधिक होतो.

६. मराठवाड्यात कुठे जावे

पहिली पायरी म्हणून तालुक्याचे बालरोगतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालय योग्य. राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाखाली येतात, तेव्हा तिथे केसपेपरचे आणि तपासण्यांचे ठरलेले शुल्क लागू शकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा मार्ग बहुतेक पालकांना ठाऊक नसतो. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत आणि शासकीय शाळांत येऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि दोष आढळल्यास जिल्ह्याच्या शीघ्र निदान व उपचार केंद्राकडे पाठवतात. पथक येते तेव्हा मुलाची तक्रार अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना आधीच सांगून ठेवावी, कारण चड्डीआडचा दोष रांगेतल्या तपासणीत कोणी आपणहून दाखवत नाही.

त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ज्याला सारे घाटी म्हणतात; नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथेही अलीकडे शासकीय महाविद्यालये झाली आहेत. निघण्याआधी फोन करून किंवा ओळखीच्या माणसाकरवी एवढे विचारावे : बालशल्यचिकित्सेची ओपीडी कोणत्या वारी असते, नोंदणीची खिडकी किती वाजता बंद होते. विशेषज्ञांची ओपीडी रोज नसते, आणि दुपारी पोहोचलेल्याला बहुधा उद्या या म्हणतात.

मुंबईला पाठवले तर परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय केवळ मुलांसाठीचे आहे आणि केईएम रुग्णालय त्याच्या शेजारी आहे. नांदेड, परभणी, जालना आणि संभाजीनगरहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने सकाळी मुंबई गाठता येते. देगलूर-बिलोलीकडची मंडळी हैदराबादला जातात. राज्याबाहेर जाण्याआधी आपली योजना तिथे चालेल का, याची खात्री करून घ्यावी.

७. कागदपत्रे आणि पैसा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता आयुष्मान भारतसह कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्यात आली आहेत. योजना प्रामुख्याने भरती होऊन घ्यावयाच्या ठराविक उपचारांसाठी आहे, त्यामुळे ओपीडीतल्या तपासण्यांसाठी वेगळे पैसे हाताशी ठेवावे लागतात. अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात योजनेचे मदतनीस, आरोग्यमित्र, बसलेले असतात. भरती होण्याआधी आणि कोणतीही रक्कम भरण्याआधी त्यांना भेटावे. भरती झाल्यावर, पैसे भरून मग “योजनेत बसवा” म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. शंका असल्यास योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे.

एका जाड पिशवीत पुढील गोष्टी ठेवाव्यात :

- शिधापत्रिका, मूळ आणि झेरॉक्स. तिच्यावर मुलाचे नाव चढवलेले असावे.
- आई-वडिलांचे आणि मुलाचे आधार कार्ड. आयुष्मान कार्ड काढले असेल तर तेही.
- मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरणाचे कार्ड.
- संदर्भ चिठ्ठी, जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड.
- लघवी, कल्चर, रक्त यांचे सर्व अहवाल, तारखेच्या क्रमाने.
- गरोदरपणातल्या आणि नंतरच्या सोनोग्राफीचे अहवाल आणि चित्रे, एक्स-रेच्या फिल्म.
- चालू औषधांची पाकिटे किंवा चिठ्ठी, आणि दोन दिवसांची नोंद.

नावातला फरक ही मोठी डोकेदुखी असते. जन्मदाखल्यावर नावच नाही, आधारवर आडनाव वेगळे लिहिलेले, शिधापत्रिकेवर मुलाची नोंदच नाही, अशा कारणांनी मंजुरी अडते. मूल आजारी नसताना हे दुरुस्त करून घ्यावे. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि मूळ कागद कोणत्याही खिडकीवर सोडून येऊ नये.

८. तज्ज्ञ सांगतील त्या तपासण्या

सोनोग्राफी सर्वांत आधी होते. ती दुखत नाही. मूत्राशय भरलेले असताना आणि लघवी करून आल्यावर, अशा दोन्ही वेळी पाहायला सांगावे, म्हणजे किती लघवी मागे राहते ते कळते. लघवीच्या धारेचा आलेख काढणारी तपासणीही निरुपद्रवी असते. तिच्यात मुलाला फक्त एका यंत्रात लघवी करायची असते.

पालक घाबरतात ते एमसीयूला. तिच्यात बारीक नळीने मूत्राशयात औषध भरतात आणि मूल लघवी करत असताना एक्स-रे घेतात. लघवी उलटी वर जाते का आणि मूत्रमार्गात पडदा आहे का, हे त्यातून दिसते. मूल जागे असते. चार वर्षांवरच्या मुलाला काय होणार ते खरे सांगावे. “काही करणार नाहीत” असे सांगून आत नेलेले मूल पुन्हा कोणत्याही डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. संसर्ग चालू असताना ही तपासणी करत नाहीत, आणि आधी-नंतर दिलेले अँटिबायोटिक चुकवू नये. त्यानंतरची पहिली लघवी झोंबते. पाणी भरपूर पाजावे. आई गरोदर असेल तर एक्स-रेच्या खोलीत तिने जाऊ नये, दुसऱ्या कोणीतरी मुलाचा हात धरावा.

डीएमएसए स्कॅनमध्ये शिरेतून औषध टोचून दोन-तीन तासांनी चित्रे घेतात आणि मूत्रपिंडावर संसर्गाचे कायमचे व्रण आहेत का ते पाहतात. व्रण पाहण्यासाठी ती संसर्गानंतर साधारण चार ते सहा महिन्यांनी करतात, त्याआधी केल्यास ताजी सूज व्रणासारखी दिसू शकते. ही सोय मोठ्या शहरांतच असते. तारीख, दर आणि लहान मुलाला झोपेचे औषध देणार असल्यास उपाशी किती वेळ ठेवायचे, हे आधी विचारून घ्यावे.

९. उपचार ठरल्यावर

रिफ्लक्सच्या एक ते पाच अशा श्रेणी असतात आणि खालच्या श्रेणीचा रिफ्लक्स बऱ्याच मुलांत वयाबरोबर जातो. तोवर काही मुलांना रोज रात्री अँटिबायोटिकचा अगदी लहान डोस दीर्घकाळ देतात. “एवढ्या दिवस औषध कशाला” म्हणून नातेवाईक ते बंद करायला सांगतात. ते ज्यांनी सुरू केले त्यांच्याशी बोलल्याशिवाय बंद करू नये. या काळात ताप आला तर तो साधा समजू नये आणि त्याच दिवशी लघवी तपासावी.

शस्त्रक्रिया सुचवली तर विचारावे : आत्ता न केल्यास काय होईल, थांबलो तर कशावर लक्ष ठेवायचे, एका टप्प्यात होईल की दोन, नळी किती दिवस राहील, टाके काढायला पुन्हा इथेच यावे लागेल का. उत्तरे तिथल्या तिथे लिहून घ्यावीत, कारण घरी आल्यावर आजोबांना आणि आत्याला तीच सांगावी लागतात.

बीड, परभणी, जालना, धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांसाठी वेळेचे नियोजन वेगळे असते. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघालेले कुटुंब एप्रिलच्या सुमारास परतते, आणि तारीख नेमकी मधे येते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावे. जी शस्त्रक्रिया काही महिने थांबू शकते तिची तारीख ते मे ते सप्टेंबरमध्ये देऊ शकतात. जी थांबू शकत नाही तिच्यासाठी मुलासोबत आजी-आजोबांपैकी कोणी गावी राहील का, ते आधी ठरवावे लागते. फडावर जाताना फाईलची झेरॉक्स, औषधांचा पुरता साठा आणि “ताप आल्यास लघवीचे कल्चर करून हे औषध द्यावे” अशी तज्ज्ञांची सही-शिक्क्याची चिठ्ठी सोबत घ्यावी, म्हणजे कारखान्याजवळच्या नव्या डॉक्टरांना सारे पहिल्यापासून सांगत बसावे लागत नाही.